ऱ्होड्सच्या तटबंदीत आमचे ५ तास : एका तीर्थयात्रा क्रूझचं प्रकरण

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की आमच्यासारखे ग्रुप दरवर्षी जातात, वसईतून, पुण्यातून, अहिल्यानगरकडून, आणि सगळ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ग्रीसमधलं ऱ्होड्स बेट एका ओळीत उरकलेलं असतं, "जुने शहर, मोकळा वेळ". त्या एका ओळीमुळे आमच्याकडे काय झालं ते जसं झालं तसं सांगते. आयोजन माझ्याकडे होतं, म्हणजे निर्णयही माझेच.

आधी परिस्थिती. ग्रुप ३४ जणांचा, वसई पट्ट्यातल्या ३ चर्चमधले लोक, सोबत एक फादर. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. अथेन्स आणि कोरिंथ बसने करून ४ रात्रींची क्रूझ, ख्रिस्ताचा प्रेषित संत पौल, त्याच्या पाऊलखुणा म्हणतात ती. मिकोनोस, मग कुशादासीला उतरून इफेसस, त्याच दिवशी संध्याकाळी पात्मोस, तिसऱ्या दिवशी ऱ्होड्स, चौथ्या दिवशी क्रीट आणि सांतोरिनी. ३४ मधले १६ जण सत्तरीच्या पुढचे. हा आकडा मला घरी बसूनच माहीत होता आणि तरी ऱ्होड्सचा प्लॅन मी चाळिशीतल्या माणसाच्या पायाने आखला, पहिली चूक तिथे, बोटीवर चढायच्या आधीच झालेली.

दुसरी गोष्ट म्हणजे आदल्या दिवसाचा थकवा. इफेससला वरच्या दरवाजातून आत शिरून खाली येतात, तरी तो संगमरवरी रस्ता गुळगुळीत आहे आणि उन्हात चकाकतो, त्यावर २ तास. मग बोटीवर जेवण, की लगेच पात्मोस, तिथे छोट्या होडीने धक्क्यावर उतरायचं, बसने वर जायचं आणि मग पायऱ्या उतरून संत योहानाची प्रकटीकरणाची गुहा. गुहेत सगळे रडले, मीही रडले, पण परत चढून येताना गुडघे बोलायला लागले. रात्री कॉरिडॉरमध्ये बामचा वास येत होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऱ्होड्स.

ऱ्होड्सला बोट जवळजवळ अख्खा दिवस उभी असते, तरी आमचं भांडण वेळेवरूनच झालं. दोन पर्याय होते. एक, बसने लिंडोस, साधारण ५० किलोमीटर, तिथे डोंगरावर प्राचीन अक्रोपोलिस आणि खाली पौलाची खाडी, जिथे संत पौल उतरला अशी तिथली परंपरा आहे, काठावर छोटं पांढरं चॅपल आहे. दुसरा, धक्क्याला लागूनच असलेलं मध्ययुगीन तटबंदीचं गाव. फादरांचं मत लिंडोस, कारण आपण पौलाच्या मागे निघालोय. माझं मत गाव. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, २१व्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत ऱ्होड्सचं नाव येतं, कोसहून ऱ्होड्स आणि तिथून पातारा, बास, एवढंच, कुठली खाडी ते लिहिलेलं नाही. आणि लिंडोसला वर जायचं तर जवळजवळ ३०० पायऱ्या. शेवटी ग्रुप दोन भागांत गेला, २१ जण फादरांबरोबर लिंडोसला आणि १३ जण माझ्याबरोबर गावात. १३ मधले १० जण सत्तरीच्या पुढचे, एक मी आणि दोन तरुण, सख्खे बहीण-भाऊ, पंचविशीच्या आतबाहेरचे.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की गावासाठी मी एवढी का अडून बसले होते. मी वसई किल्ल्याच्या शेजारी वाढलेली बाई. किल्ल्यात जमिनीकडचा एक दरवाजा आणि बंदराकडचा एक दरवाजा, आत पडकी चर्च, मठ, वडाची मुळं भिंतींत शिरलेली, संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चात सणाला मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होते तेव्हा तेवढ्यापुरता किल्ला जागा होतो. लहानपणापासून मला वाटायचं, इथे माणसं राहत होती तेव्हा हे कसं दिसत असेल? ऱ्होड्स म्हणजे त्याचंच उत्तर. जवळजवळ ४ किलोमीटरचा तट, भोवती कोरडा खंदक, आणि आत अजूनही लोक राहतात, दोरीवर कपडे वाळतात, शाळेची पोरं दप्तर घेऊन पळतात, मांजरं तटावर झोपतात. युनेस्कोच्या यादीत १९८८ पासून आहे.

आणि हे गाव बांधलं कोणी, तर यात्रेकरूंची सेवा करणाऱ्यांनी. हे आमच्या ९० टक्के लोकांना माहीत नव्हतं. संत योहानाचे नाइट, म्हणजे व्रत घेतलेले ख्रिस्ती योद्धे, हॉस्पिटलर म्हणतात त्यांना. त्यांची सुरुवात तलवारीने झालेली नाही, अकराव्या शतकात जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंसाठी जे रुग्णालय होतं तिथून झाली. १११३ मध्ये पोप दुसरे पास्कल यांनी त्यांना मान्यता दिली. शस्त्रं नंतर आली. १२९१ मध्ये आक्रा शहर पडलं आणि पवित्र भूमी हातची गेली, मग सायप्रस, आणि १३०९ पासून ऱ्होड्स त्यांचं ठाणं, १५२२ पर्यंत. आजाऱ्यांना ते "आमचे मालक, रुग्ण" म्हणायचे. म्हणजे नाइट चाकर आणि खाटेवरचा माणूस मालक. हे वाचलं होतं तेव्हाच ठरवलं होतं की ग्रुपला ते रुग्णालय दाखवायचंच.

अजून एक, क्रूझ ही काही आजची गोष्ट नाही. पंधराव्या शतकात व्हेनिसहून यात्रेकरूंची गलबतं निघायची, कप्तानाशी लेखी करार, त्यात जेवण, पवित्र भूमीतले कर सगळं धरलेलं, आणि वाटेत क्रीट, ऱ्होड्स, सायप्रस करत जाफा बंदर. अगदी आजच्या पॅकेजसारखं. तेव्हाचे यात्रेकरूही ह्याच धक्क्यावर उतरले, दमलेले, बोट लागलेले, आणि आजारी पडले तर ह्याच रुग्णालयात गेले. मग आपण पौलाचं नाव नाही म्हणून हे गाव "मोकळा वेळ" कसं काय समजतो?

हे सगळं मी बोटीवरच्या सकाळच्या मिस्सेनंतर १३ जणांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं तिथे गेल्यावर सांगू. त्यामुळे धक्क्यावरून चालताना ७४ वर्षांच्या एक मावशी मला म्हणाल्या, "बाय, इथं पौल नाय, मंग आपण कशाला आलो? दुकानं बघायला?" आणि चालता चालता त्याला धड उत्तर देता आलं नाही.

प्रत्यक्ष काय झालं ते असं.

सव्वाआठला बोटीतून उतरलो. समोर सागरी दरवाजा, दोन गोल बुरूज आणि मध्ये कमान, १४७८चा. चांगल्या चालीने १० मिनिटं लागली असती, आम्हाला २५ लागली, तिथवर ठीक होतं. कमानीतून आत गेल्यावर फरशी बदलली. ऱ्होड्सच्या जुन्या गावात पुष्कळ ठिकाणी समुद्रातले गोल गोटे उभे रोवून रस्ता केलेला आहे. दिसायला फार सुंदर, पण चपलेच्या पातळ तळव्याला तो प्रत्येक गोटा टोचतो, घोटा मुरगळतो आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तर दर हातभर अंतरावर अडकतात. आमच्याकडे एक व्हीलचेअर होती. भावाने ती उलटी फिरवून मोठी चाकं पुढे घेऊन ओढली तेव्हा कुठे हलली, पण खुर्चीतल्या आजींची पाठ हादरून गेली.

९ वाजता हिप्पोक्रातिस चौकात पोचलो. मध्ये कारंजं, बाजूला जुन्या कोर्टाची दगडी इमारत आणि तिचा जिना, भोवती कॅफे. इथून रुग्णालय, म्हणजे आताचं पुरातत्त्व संग्रहालय, जेमतेम २०० मीटर. ५ जणांनी सांगितलं आता नाही चालवत. मी म्हटलं तुम्ही सावलीत कॉफी घ्या, आम्ही बघून अर्ध्या तासात येतो. आणि ८ जण निघालो, मी, ५ वयस्क आणि ते दोघं बहीण-भाऊ.

आता बघा ह्या एका वाक्यात किती गोष्टी राहिल्या. धडधाकट असे आम्ही तिघं, तिघंही पुढे गेलो, मागे सगळे थकलेले. त्यांच्यातल्या कोणाच्याच फोनला रोमिंग नव्हतं, ते मी विचारलं नाही. परत कुठे भेटायचं ते "इथेच" असं सांगितलं, पण इथे म्हणजे कारंजं की कॅफे? चुकामूक झाली तर कुठे जायचं ते सांगितलंच नाही. आणि बाथरूम कुठे आहे ते दाखवलं नाही, जे ह्या वयाच्या लोकांसोबत चौकात शिरल्यावर सगळ्यात आधी करायचं काम आहे.

रुग्णालयाचं काम १४४० मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला १४८९ उजाडलं. मोठ्या दरवाजातून आत गेलं की चौकोनी अंगण, चारी बाजूंनी दुमजली कमानी, एका कोपऱ्यात दगडी तोफगोळ्यांची रास आणि एक संगमरवरी सिंह. वॉर्ड मात्र वरच्या मजल्यावर, बाहेरच्या दगडी जिन्याने. पाचातले तीन वर आले, दोघी अंगणातच बसल्या, आणि खरं सांगते, अंगण हीच बसायची जागा आहे, सावली, वारा, शांतता, आजूबाजूला पाच शतकांपूर्वीच्या आजाऱ्यांचं घर. पाचही जणांना चौकातून इथवर हळूहळू आणलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

वरचा वॉर्ड म्हणजे लांबच लांब हॉल, मधोमध कमानींची रांग, उंच लाकडी छत, आता तिथे नाइटांच्या थडग्यांवरचे दगड मांडलेत. आणि भिंतीत एक छोटं चॅपल, बरोब्बर खालच्या मुख्य दरवाजाच्या डोक्यावर येईल असं बाहेर काढलेलं, खाटेवर पडल्या पडल्या आजाऱ्यांना मिस्सा दिसावी म्हणून. ते बघून मी तिथे उभी राहिले ती राहिलेच. सोबतच्या एका काकांनी, आयुष्यभर मुंबईत सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून काम केलेले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आमच्या वॉर्डात अल्तार (वेदी) खिडकीतून दिसत नव्हता, पण पेशंटला मालक म्हणायचं हे कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी घड्याळ बघितलंच नाही.

चौकात परत आलो तेव्हा १० वाजून २५ मिनिटं. अर्धा तास सांगून सव्वा तास. आणि कॅफेच्या टेबलाशी चौघंच. ७६ वर्षांचे एक काका नाहीत. त्यांची बायको, आमची मावशी, एकदम गप्प बसलेली, हातात रोजरी, म्हणजे जपमाळ, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाकीच्यांकडून कळलं ते एवढंच की साडेनऊच्या सुमारास बाथरूम शोधायला म्हणून उठले, कॅफेतलं बंद होतं, मग गर्दीत दिसेनासे झाले. डायबेटिस, गोळ्या मावशीच्या पर्समध्ये, पासपोर्ट बोटीवर जमा, खिशात फक्त बोटीचं कार्ड.

मी सॉक्रेटिस रस्त्याने वर पळाले, दुकानांची सगळ्यात गजबजलेली गल्ली, थेट वर सुलेमान मशिदीपर्यंत. चूक दिशा. वर चढणारा रस्ता थकलेला माणूस घेईलच कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाऊ सागरी दरवाजाकडे धावला, की काका बोटीकडे निघाले असतील. बहीण चौकात थांबली, चौघांना पाणी दिलं, आणि तिनेच शेजारच्या दुकानातल्या बाईंना फोटो दाखवला. त्या बाई म्हणाल्या खालच्या अंगाला, सपाट रस्त्याने बघा, पुढे अजून एक चौक आहे, कारंजं आहे, म्हातारी माणसं तिथे जाऊन बसतात. अॅरिस्टॉटलच्या नावाचा तो रस्ता, ५ मिनिटांवर.

काका तिथेच होते. समुद्री घोड्यांचं कारंजं असलेल्या चौकात झाडाखाली बाकावर, ११ ला ५ कमी असतील. त्यांच्या लेखी ते हरवलेलेच नव्हते. पुढच्या एका कॅफेवाल्याने बाथरूम वापरू दिलं, पाणी दिलं, बाहेर आले तर समोर झाडं आणि मधोमध काळ्या दगडाचा एक स्तंभ. त्याच्यावर वेगवेगळ्या भाषांत लिहिलेलं, इंग्रजीतलं त्यांनी वाचलं. ऱ्होड्स आणि कोसच्या १६०४ ज्यूंची आठवण, जे नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले, तारीख २३ जुलै १९४४. हा ज्यू हुतात्म्यांचा चौक. गल्लीत पुढे काहाल शालोम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५७७चं, ग्रीसमध्ये अजून वापरात असलेल्यांतलं सगळ्यात जुनं.

काका म्हणाले, "१६०४ लिहिलंय, एवढ्यांसाठी एक एक बावमारिया म्हटली तरी किती वेळ लागेल, म्हणून बसलो." बावमारिया म्हणजे रोजरीतली मरियेची प्रार्थना. ते तासभर ह्या लोकांसाठी रोजरी म्हणत बसले होते. मी रागावणार होते, तो राग जागच्या जागी गेला.

पुढचा निर्णय मला योग्य वाटतो, दिवसातला कदाचित एकमेव. नाइटांच्या रस्त्याने चढून ग्रँडमास्टरच्या, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाच्या, महालात जायचं होतं, ते रद्द केलं आणि चौकातल्या सगळ्यांना, व्हीलचेअरसकट, इथे आणलं. हा रस्ता सपाट आहे. १३ जण त्या स्तंभाभोवती बसलो आणि तेव्हा मी सकाळी सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं, पण सुरुवात वेगळीकडून झाली, कारण काकांनीच विचारलं, "हे नाइट लोक गेले कसे इथून?"

१५२२च्या उन्हाळ्यात तुर्की सुलतान सुलेमानने वेढा घातला. त्याच्या आधी १४८० मध्ये सुलतान मेहमेदच्या सैन्याचा वेढा ह्याच तटाने परतवला होता, तेव्हा ग्रँडमास्टर पिएर दोब्युसाँ. पण ह्या वेळी ६ महिने सुरुंग, तोफा, भगदाडं, आणि डिसेंबरात ग्रँडमास्टर व्हिलिये द लील-आदाम यांनी तह मान्य केला. अट अशी की नाइटांनी आपली शस्त्रं आणि सामान घेऊन सन्मानाने जायचं. १ जानेवारी १५२३ ला ते बोटीत बसले आणि गेले, ७ वर्षं भटकले आणि १५३० मध्ये माल्टाला स्थिरावले.

हे सांगताना मावशी पहिल्यांदा बोलली, "म्हणजे वसईसारखंच." आणि अगदी तसंच आहे. मे १७३९, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजही तह करून, शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडले, आमच्या किल्ल्यातून. आमच्यातल्या प्रत्येकाला हे शाळेपासून माहीत आहे. आणि ज्या सुलतानाने ऱ्होड्स घेतलं त्याच्याच काळात, त्याच्याच आज्ञेने १५३८ मध्ये तुर्की आरमार दीवपर्यंत आलं होतं, वसई पोर्तुगीजांकडे जाऊन तेव्हा ४ वर्षं झालेली. इतकं हे लांबचं गाव आमच्या जवळचं.

मग काका म्हणाले, "त्यांना सोडलं मानाने, ह्यांना नाय." स्तंभाकडे हात करून. जुलै १९४४ मध्ये ह्याच गल्ल्यांतल्या ज्यू कुटुंबांना गोळा केलं, बंदरावर नेलं, आणि तिथून आउशविट्झ. कुठला तह, कुठली अट. त्यांना जिथून नेलं ते बंदर आमच्या बोटीच्या नजरेतलं. ह्यावर कोणी काही बोललं नाही. व्हीलचेअरमधल्या आजींनी रोजरीतला दुःखाचा एक दशक, दहा प्रार्थनांचा, सुरू केला, मराठीत, आणि आजूबाजूच्या कॅफेतले लोक बोलायचे थांबले.

मग हळूहळू परत. दीडला लिंडोसचे लोक आले, आनंदात होते, खाडी फार सुंदर आहे म्हणाले, पण २१ मधले ७ जण वर चढलेच नव्हते, बसजवळ थांबले होते. गावासाठी त्यांना ४० मिनिटं मिळाली.

रात्री लाउंजमध्ये फादरांनी सगळ्यांना बसवलं. मी उभी राहून सांगितलं काय झालं, काकांच्या कुटुंबाची सर्वांसमोर माफी मागितली. काही जण एजन्सीवर चिडले होते, की कार्यक्रमात वय बघूनच वेळ द्यायला हवा होता, आणि त्यात तथ्य आहे, आमच्याकडून प्रत्येकाचं वय फॉर्मवर भरून घेतलेलं होतं. पण चौकात पाच जणांना सोडून जाताना एजन्सी तिथे नव्हती, मी होते. एक गोष्ट त्या रात्रीच ठरली आणि दुसऱ्या दिवशी सांतोरिनीला पाळलीसुद्धा. प्रत्येक धडधाकट माणसाच्या हवाली दोन वयस्क, नावानिशी, आणि केबल कारने वर गेल्यावर सगळे एकाच ठिकाणी, जाणार तर सगळे, नाहीतर कोणीच नाही.

पुढच्या बॅचसाठी ऱ्होड्सचा जो कागद मी केला तो इथे देते, कोणाला उपयोग झाला तर. बोटीतून उतरून खालून वर चढायचंच नाही. वयस्कांना टॅक्सीने वरच्या अंगाला दांब्वाज दरवाजापाशी सोडायचं, खंदकावरचा पूल ओलांडला की महाल जवळ आहे. १८५६ मध्ये दारूगोळ्याचा स्फोट होऊन तिथला बराच भाग गेला होता, आज दिसतो तो महाल इटालियनांनी १९३७ ते ४० मध्ये उभारलेला, तेव्हा वेळ कमी असेल तर बाहेरून बघितला तरी चालेल. तिथून नाइटांचा रस्ता उताराने, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या देशांच्या नाइटांची निवासं, दगडात कोरलेली चिन्हं, आणि रस्ता संपतो तो रुग्णालयाच्याच जवळ. अंगणात सगळ्यांनी किमान पाऊण तास बसायचं, ज्यांना जमेल त्यांनीच वर. मग हिप्पोक्रातिस चौक, मग सपाट रस्त्याने हुतात्मा चौक, तिथे प्रार्थना. चुकामूक झाली तर सागरी दरवाजाची कमान, आतली बाजू, कारण तटबंदीच्या गावात चौक सारखे दिसतात पण दरवाजे मोजकेच असतात, आणि दोन बुरुजांचा दरवाजा कोणालाही विचारता येतो. बूट जाड तळव्याचे. गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात. पाच तास तरी द्यायचे. पौलाची ओवी आणि रुग्णालयाची गोष्ट आदल्या रात्री बोटीवर सांगायची, धक्क्यावर नाही.

कागद फादरांनी वाचला, लिंडोसच्या ओळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि खाली लिहिलं, "अंगणात मिस्सेची परवानगी मिळते का, विचारणे." मिळेल असं वाटत नाही, पण पत्र पाठवलंय. यादीत पहिलं नाव मावशीचं आहे, कारण ह्या वेळी चौकात बसून राहिल्यामुळे तिचं रुग्णालय बघायचं राहिलं. काकांचं नाव तिनेच खाली लिहून दिलं, आणि पुढे कंसात, गोळ्या स्वतःकडे.